रोमची योजना

“बाई, तुम्ही त्या पाड्यावर नेमकं काय शिकवलंत?”

साहेबांची जीप माझ्या खोलीसमोर नीट थांबलीसुद्धा नव्हती. मी अंगणात पातळ वाळत घालत होते. ते तसंच हातात धरून म्हटलं, “लोकशाही.”

“कुठली लोकशाही?”

“तुमचीच, साहेब. पुस्तिकेतलं दुसरं प्रकरण. रोम.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “बसा गाडीत. नानाभाऊंच्या वाडीवर आज एक माणूस कामाला आलेला नाही. पाड्यावर चिटपाखरू नाही. सगळे मागच्या टेकडीवर जाऊन बसलेत, बायकापोरांसकट. कोंबड्यासुद्धा बरोबर नेल्यात!”

मला आधी हसूच आलं. मग साहेबांचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं.

आता हे जरा मुळापासून सांगायला हवं. साठच्या दशकाची सुरुवात होती. पंचायत राज नुकतं आलं होतं. खेड्यांच्या विकासासाठी सरकारने ‘ब्लॉक’ काढले होते. ब्लॉकचा मुख्य तो बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी. त्याच्या हाताखाली शेतीचा माणूस, गुरांचा डॉक्टर, बांधकाम बघणारा ओव्हरसियर, आणि सगळ्यात शेवटी मी. माझा हुद्दा ‘समाजशिक्षण संघटक’. ऐकायला भारदस्त वाटतो ना? काम एवढंच की डहाणू-तलासरीकडच्या गावांतून फिरायचं आणि लोकांना शहाणं करायचं. कशात शहाणं करायचं ते वरून कळायचं. कधी बिनधुराची चूल, कधी खताचा खड्डा, कधी सांडपाण्याचा शोषखड्डा.

कामाची पद्धत ठरलेली होती. पाड्यावर जायचं, गोष्ट सांगायची, चित्रं दाखवायची. शेवटी एक वाक्य म्हणायचं, “आता हे तुमच्याकडे कसं करता येईल ते बघा.” आम्हाला ट्रेनिंगमध्येच ते पाठ करून घेतलं होतं. मग ज्या पाड्याने ती गोष्ट सगळ्यात आधी करून दाखवली त्याला बक्षीस म्हणून कंदील. साहेब जीपमधून येणार, फोटो निघणार, फोटो जिल्ह्याच्या गावी, ठाण्याच्या प्रदर्शनात लागणार. मी घाटावरची, इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तेवढ्यात किती चुलींचे आणि खड्ड्यांचे फोटो काढले असतील, देव जाणे!

तशात हे नवे साहेब आले. इतिहासाचे एम.ए. भर उन्हातही अंगात कोट. माणूस सरळ, पण पुस्तकी. त्यांचं म्हणणं, लोक मतं देतात पण मत म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. म्हणून त्यांनी स्वतः एक पुस्तिका लिहून सायक्लोस्टाइल करून घेतली, ‘लोकशाहीची पाळेमुळे’. प्रकरणं तीन. पहिलं ग्रीकांचं, दुसरं रोमचं, तिसरं यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या जुन्या धर्मकथांचं. पाश्चात्त्यांची लोकशाही या तीन मुळांवर उभी आहे आणि आपण ती समजून घेतली पाहिजे, असं साहेब आम्हाला मीटिंगमध्ये सांगत. गुरांचा डॉक्टर मीटिंगमध्ये पेंगत असे.

“बाई, हे पाड्यापाड्यावर पोचलं पाहिजे,” साहेब म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, पाड्यावर पाणी पोचत नाही, तिथे ग्रीक लोक कसे पोचणार?”

“पोचवा,” साहेब म्हणाले.

पाण्याचं मी उगीच काढलं नव्हतं. कैनाडच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या लोकांची नातवंडं अजून तिथे नांदतायत. गावात चिकूच्या वाड्या, भाताची खाचरं. गावापासून बाजूला टेकडीच्या पायथ्याशी मजुरांचा पाडा. पाड्यावर विहीर नाही. होळीनंतर ओहोळ आटला की बायका वाळूत खड्डे करून वाटीवाटीने पाणी भरायच्या. एक हंडा भरायला अर्धी सकाळ जायची. मी स्वतः एकदा भरून पाहिला. परत नाही म्हटलं!

त्या वर्षी गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. एकच. ती कुठे खणायची हे पंचायतीने ठरवायचं. सरपंच नानाभाऊ. त्यांची वाडी गावात सगळ्यात मोठी, वाडीत आधीच्या दोन विहिरी. तिसरी, म्हणजे ही सरकारी, आपल्या कुंपणाला लागून व्हावी असं त्यांनी सुचवलं. तिथे माती मऊ, पाड्याकडे खडक, असं कारण दिलं. माणूस वाईट नव्हता हो. मी तापाने पडले होते तेव्हा रोज शहाळी पाठवली होती त्यांनी. पण कुंपणालगत विहीर झाली की उरलेलं पाणी पाटाने वाडीत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आणि पाड्याच्या बायकांनी पाण्यासाठी दर वेळी त्यांच्या फाटकाशी उभं राहायचं, हेही. हात वर झाले. पाच विरुद्ध दोन. दोन हात पाड्याच्या पंचांचे. ठराव पास. विहीर खणणारी माणसं येत्या सोमवारी यायची होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी पाड्यावर लोकशाही शिकवायला गेले.

सगळे जमले होते. पुढे सुकऱ्या बसलेला. तो पाड्याच्या दोन पंचांपैकी एक, तिशीतला, हसरा. त्याच्या शेजारी त्याची आई बरकी. म्हातारी पंच नव्हती, पण पाड्यावर तिच्या मान हलवण्याला जास्त किंमत होती. 

मी ग्रीकांपासून सुरुवात केली. म्हटलं, अथेन्स नावाचं गाव होतं. तिथले लोक टेकडीवर जमत. दवंडीवाला विचारी, कोणाला बोलायचंय? ज्याला बोलायचं तो उठून बोलायचा, मग तो चांभार असो नाहीतर सरदार.

“आन बायका?” बरकीने विचारलं.

“बायका नव्हत्या. गुलामही नव्हते. त्यांना बोलवत नसत.”

“मंग अर्ध्या गावाची सभा ती,” बरकी म्हणाली. “पुडं सांगा.”

साहेबांनी या मुद्द्यावर पुस्तिकेत दोन पानं खर्ची घातली होती. म्हातारीने ते एका वाक्यात मिटवलं. मी पुढे गेले. रोम. तिथे मोठ्या घराण्यांच्या हातात सगळा कारभार. कायदे ते करणार, निवाडा ते देणार. गरिबांनी शेतं कसायची आणि लढाईत मरायचं. एक दिवस गरिबांनी काय केलं? दंगा नाही, मारामारी नाही. सगळे उठले आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. बसा म्हणाले, तुमचं गाव तुम्हीच चालवा. मोठ्या घराण्यांची तंतरली. शेवटी तडजोड झाली. गरिबांना त्यांची स्वतःची माणसं निवडू दिली. त्या माणसांनी ‘नाही’ म्हटलं की मोठ्यांचा ठराव जागच्या जागी थांबायचा.

पाड्यावरचे सगळे पुढे सरकून बसले. चुलीच्या वेळी कधी सरकले नव्हते.

“ह्ये रोम कुटं आलं, बाय?” बरकी म्हणाली. “उधव्याच्या पलीकडं?”

“बरंच पलीकडे.”

“म्हंजे गुजरातेत,” तिने ठरवून टाकलं. उधवा म्हणजे आमच्या भागातलं हद्दीवरचं गाव.

आणि मग मी सवयीने ते वाक्य म्हटलं. “आता हे तुमच्याकडे कसं करता येईल ते बघा.”

झालं! मी सायकलवर टांग टाकून निघून आले. माझ्या डोक्यात ती गोष्ट होती. त्यांच्या डोक्यात ती योजना होती. का नसावी? आजवर ब्लॉकच्या बाईने सांगितलेली प्रत्येक गोष्ट करायचीच तर होती.

तर आता जीप. पायथ्याशी उतरलो आणि चढायला लागलो. साहेबांचा कोट करवंदीच्या जाळीत अडकला, तो मी सोडवला. वर पोचलो तर काय, जत्रा! तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, पोरं झाडांवर, कोंबड्या टोपल्यांखाली. एका बाजूला कोणीतरी तारपा वाजवत होता. दुध्या भोपळ्याचं ते लांब वाद्य इकडे सणाला वाजतं.

सुकऱ्या धावत आला. “बाय, आलात? फोटोवाला कुटंय?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

“सगळं तुमी सांगितलं तसंच केलं,” सुकऱ्या म्हणाला. “आरडाओरड नाय, दगड नाय, कुनाला शिवी नाय. नुसतं बसलो. कैनाडवाल्यांनी अजून नाय ना केलं? आमचाच पाडा पयला ना?”

“पहिलाच,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“बघा!” तो मागे वळून ओरडला. “पयला!” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

साहेबांनी घाम पुसला. पण गडी हरला नव्हता. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “घाबरू नका. रोममध्ये या लोकांना खाली कसं आणलं ते मला ठाऊक आहे.” आणि ते एका दगडावर उभे राहिले. त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली. एकदा शरीरातल्या हातापायांनी पोटावर रुसवा धरला. आम्ही राबतो आणि हे बसून खातं, म्हणाले. हातांनी घास उचलायचं बंद केलं. पण पोट उपाशी राहिलं तसे हातपायही लुळे पडले. तेव्हा त्यांना कळलं की पोटसुद्धा कामाचं असतं. साहेबांनी छान सांगितली हो, हातवारे करून. पोरं झाडांवरून उतरून ऐकायला आली.

बरकी सुपारी कातरत होती. “साहेब, गोष्ट ब्येस हाय,” ती म्हणाली. “हातांनी पोटाला घातलं, ते समजलं. पोटाने हातांना काय दिलं?”

“पोट रक्त बनवतं आणि सगळ्या शरीराला पाठवतं,” साहेब म्हणाले.

“मंग पाठवाय सांगा. तवर आमी बसतो.”

साहेब दगडावरून खाली उतरले. “रोममध्ये जमलं होतं,” ते पुटपुटले.

“रोममध्ये बरकी नव्हती, साहेब.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला! मला ठाण्याला कळवावं लागेल.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “कळवा ना! काय कळवणार? तुमची पुस्तिका लोकांनी ऐकली, असं? साहेब, सोमवारी विहीर खणणारे येतील आणि नको तिथे भोक पाडतील. मग या बायका जन्मभर वाटीने पाणी भरतील. तुम्ही फक्त एक करा. नानाभाऊंकडे माझ्याबरोबर चला आणि गप्प बसा.”

साहेबांशी मी असं कधी बोलले नव्हते. ते चक्क माझ्यामागे टेकडी उतरायला लागले. सरळ माणूस होता, म्हटलं ना.

नानाभाऊ ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. चिकूचा ऐन हंगाम. फळ वेळेवर उतरवलं नाही तर झाडावरच पिकून खाली पडतं. करंड्या भरून डहाणू रोड स्टेशनात गाडीवर चढवायच्या असतात, गाडी काही कोणासाठी थांबत नाही. वाडीत पडलेल्या चिकूंचा वास अंगणापर्यंत येत होता.

“या, या, पुढारीणबाई!” नानाभाऊ म्हणाले. “माझ्या माणसांना फूस लावून झाली का? मतदान झालं होतं की नाही? पाच विरुद्ध दोन. हीच ना तुमची लोकशाही? मग हरलेल्याने टेकडीवर जाऊन बसायचं, हे कुठल्या कायद्यात आहे?”

खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता. साहेबांनीही मान डोलावली. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

“नानाभाऊ, चहा तरी पाजा,” मी म्हटलं. “तोवर एक गोष्ट सांगते.”

“परत गोष्ट? अरे भाई, एका गोष्टीने माझी वाडी ओस पडली!”

“ही दुसरी आहे. तिसऱ्या प्रकरणातली.”

यहुद्यांच्या जुन्या कथांत एका राजाची गोष्ट आहे. राजाने गरिबावर अन्याय केला. राजाला बोलणार कोण? तेव्हा एक साधुपुरुष दरबारात गेला आणि राजाला फिर्याद सांगावी तसं सांगू लागला. एक श्रीमंत होता, शेकडो मेंढ्यांचा धनी. शेजारी एक गरीब. त्याच्याकडे एकच कोकरू, घरात मुलासारखं वाढवलेलं. श्रीमंताकडे पाहुणा आला. तर याने आपली मेंढी न कापता गरिबाचं ते कोकरू ओढून नेलं.

“हरामखोर!” नानाभाऊ म्हणाले. गोष्टीत शिरले की माणूस लहान पोरासारखा व्हायचा. “मग राजाने काय केलं? त्याला फटके द्यायला हवे होते. माझ्या गावात असं झालं असतं ना, तर मी त्याला...”

“तुमच्या गावात कोकरू नाही. विहीर आहे.”

हे मी म्हटलं नाही. दारात चहाचे कप घेऊन लीलावहिनी उभ्या होत्या, नानाभाऊंच्या पत्नी. मी पुढचं वाक्य मनात जुळवत होते, त्यांनी ते माझ्या तोंडातून काढून घेतलं.

“तू आत जा,” नानाभाऊ म्हणाले.

“जाते. कप तर ठेवू द्या.” त्यांनी कप ठेवले. पण गेल्या नाहीत. “आपल्या दोन्ही पोरांच्या वेळी बरकी माझ्या उशाशी बसली होती. तुम्ही पाच विरुद्ध दोन म्हणता. त्या पाचांतल्या एकाने तरी जन्मात पाण्याचा हंडा उचललाय? पाणी भरतात त्यांची मतं मोजा ना. तुमची हरतील.”

साहेब बशीत चहा ओतून घेत होते, ते तसेच थांबले. नानाभाऊंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते धपकन झोपाळ्यावर बसले.

“ह्या बाईने तुला कधी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“मला कोण शिकवणार? माझ्याकडे ब्लॉकची बाई कधी आलीच नाही. चुलीसाठीसुद्धा नाही.”

हे मला लागलं. खरंच होतं. आम्ही शहाणं करायला नेहमी पाड्यावर जायचो, वाड्यांच्या स्वयंपाकघरात कधी नाही.

नानाभाऊंनी पायाने झोपाळ्याला झोका दिला. मग नानाभाऊ म्हणाले, “तिकडे खडक आहे. पाणी नाही लागलं तर?”

“तर तुम्ही खरे ठरलात,” मी म्हटलं.

“ठीक आहे. बोलू. पण मी टेकडीवर चढणार नाही. मी सरपंच आहे.”

झाली का पंचाईत! ते वर जाणार नाहीत, हे खाली येणार नाहीत. जीप आणि मी दोन्हीकडे फेऱ्या मारून दमलो. अखेर टेकडीच्या अर्ध्या उतारावर एक जुनं आंब्याचं झाड होतं, तिथे भेटायचं ठरलं. नानाभाऊंना अर्धंच चढायचं होतं, पाड्याला अर्धंच उतरायचं होतं. साहेब खुशीत येऊन म्हणाले, “बाई, ही खरी ग्रामसभा! अथेन्ससुद्धा असंच टेकडीवर...” मी म्हटलं, “साहेब, बायका आल्यात का ते आधी बघा.” आल्या होत्या. लीलावहिनीही आल्या होत्या, आणि थेट बरकीशेजारी जाऊन बसल्या.

विहिरीचं लगेच मिटलं. नवा ठराव, विहीर पाड्याकडे. या वेळी हात कोणी मोजलेच नाहीत. पाड्याची रीतच तशी. सगळे हो म्हणेपर्यंत बसून राहायचं, मोजायचं कशाला? मला वाटलं सुटलो. तर सुकऱ्या उभा राहिला.

“बाय, ती गोष्ट अजून पुरी नाय झाली. शेवटी त्यांना ‘नाय’ म्हननारा मानूस भेटला व्हता. आमचा कुटंय?”

साहेब दचकले. “तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. पंचायतीत बहुमत चालतं.”

“मंग ही योजना अर्धीच,” सुकऱ्या म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कंदील होता.

नानाभाऊंनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “कायद्याचं कायदा बघेल,” ते म्हणाले. “माझा शब्द घ्या. मी सरपंच आहे तोवर पाण्याच्या कामात पाड्याच्या दोन पंचांनी नाही म्हटलं, तर मी हात वर करायला लावणार नाही. बोलत बसू, जमेपर्यंत.”

बरकीने वहिनींच्या हातातून सुपारी घेतली. “आमी बी उगाच नाय म्हननार नाय,” ती म्हणाली. “आता चिकू उतरवा रं, सडलं समदं.”

दुपारी वाडीत माणसं होती.

विहिरीचं पुढे काय झालं ते सांगते. खडक लागला. नानाभाऊ म्हणाले होते तस्साच, काळा कुळकुळीत. सुरुंगावर सुरुंग झाले. नानाभाऊ रोज यायचे, काठावर उभं राहून म्हणायचे, “काय बाई, मी म्हटलं होतं की नाही?” पाणी लागलं नसतं तर पाड्याने पुन्हा कशावर विश्वास ठेवला असता? पण ते रोज यायचे खरे. आणि एका सकाळी खालून माणूस ओरडला, झिरपा फुटला म्हणून, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हेच ओरडले. “लागलं! लागलं! वहिनीला बोलवा रे!” स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतोय, इतकंही त्यांना भान नव्हतं. मी रडले. सांगायला लाज कसली?

साहेबांनी फोटोवाला आणला. पाड्याला कंदील मिळाला, कारण नियमाप्रमाणे पाडा पहिलाच होता. दुसऱ्या कुठल्या पाड्याने तो प्रयोग केलाच नाही. ठाण्याहून साहेबांना शाबासकीचं पत्र आलं. पुढच्या वर्षी पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात ग्रीक होते, यहुदी होते. रोमचं प्रकरण दीड पानांवर आलं होतं आणि टेकडी त्यात कुठेच नव्हती. मी मात्र त्या वर्षापासून वाड्यांच्या स्वयंपाकघरांतही जायला लागले. तिथे मला शिकवायला फारसं काही उरलं नव्हतं, ते सोडा.

नोकरीत मी एकच शिकले. लोकांना गोष्ट सांगायची तर ते ती खरी करतील, एवढी तयारी ठेवून सांगावी. नाहीतर चुलीवर थांबावं.

विहिरीचं पहिलं पाणी बरकीने काढलं. हंडा भरून डोक्यावर घेतला, मग काय आठवलं कोण जाणे, परत खाली ठेवला आणि माझ्यापाशी आली.

“बाय, तुमी त्या रोमच्या पाड्यावर परत कदी जानार?”

“का गं?”

“त्यांना सांगा, तुमचं बघून आमीबी बसलो. लागलं म्हनावं पानी.”

मी सांगते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?